एकच सर्व्हिस, चार प्रकारचे ग्राहक: ऑथेंटिकेशन वेगवेगळं कसं लावता?

हिंजवडी_फेज३ | मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी, आमच्याकडे डब्ल्यूसीएफमध्ये (सर्व्हिस लिहायची मायक्रोसॉफ्टची चौकट) लिहिलेली एक जुनी सोप (एक्सएमएल संदेशांची) सर्व्हिस आहे. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८, आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) चालते. ऑर्डर नोंदवायची, साठा बघायचा, बिलाची स्थिती सांगायची, एवढंच तिचं काम. आजवर फक्त ऑफिसातलं डेस्कटॉप अ‍ॅप ती वापरायचं, त्यामुळे विंडोज ऑथेंटिकेशन (विंडोजच्या खात्यानेच ओळख पटवणं) लावलं की विषय संपत होता.

आता गिऱ्हाइकं वाढलीत. एक वितरक त्यांच्या जावा सिस्टिममधून कॉल करणार, त्यांना यूजरनेम-पासवर्ड हवाय. बँकेकडून पेमेंटची नोंद येणार, ते क्लायंट सर्टिफिकेटशिवाय (कॉल करणाऱ्याचं डिजिटल ओळखपत्र) बोलायलाच तयार नाहीत. शिवाय फील्डवरच्या मुलांसाठी मोबाइल अ‍ॅप येतंय, म्हणजे टोकन (लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास) आलं.

एकाच वेब.कॉन्फिगमध्ये, एकाच सर्व्हिसखाली वेगवेगळे एंडपॉइंट (आत यायची दारं) लिहिले. पत्ता वेगळा, बाइंडिंग (बोलायची पद्धत) वेगळं, कॉन्ट्रॅक्ट (कामांची यादी) तोच. पण सर्व्हिस उठतच नाही. आधी म्हणते अ‍ॅनॉनिमस ऑथेंटिकेशन (ओळख न विचारता आत घेणं) लागेल, ते आयआयएसवर चालू नाही. ते चालू केलं तर म्हणते एसएसएलची (एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनची) सेटिंग्ज आयआयएसशी जुळत नाहीत. एक भोक बुजवलं की दुसरं.

हे एका सर्व्हिसवर बसतं का, की सरळ तीन सर्व्हिस वेगळ्या कराव्यात? तुमच्याकडे काय करता?

आळशी_अजगर | मंगळवार, रात्री ९:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता "डब्ल्यूसीएफ अजून कोण वापरतं" असं म्हणणारे येतील.

ढगफुटी | मंगळवार, रात्री ९:३१

डब्ल्यूसीएफ अजून कोण वापरतं?

गंमत सोडा. पुढे एपीआय गेटवे (सगळे कॉल आधी जिथे येतात तो मधला सर्व्हर) बसवा, सगळं ऑथेंटिकेशन तिथेच करा आणि मागे सर्व्हिस उघडी ठेवा. प्रत्येक सर्व्हिसने स्वतः ऑथेंटिकेशन करायचे दिवस गेले.

सर्व्हरखोलीतला | मंगळवार, रात्री ९:४४

"मागे सर्व्हिस उघडी ठेवा" हे वाक्य वाचून पाणी प्यायला उठलो.

न्यू_जर्सीचा_नाना | मंगळवार, रात्री १०:०५

इकडे दुपार आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. डब्ल्यूसीएफ २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर आलं तेव्हापासून मी त्यात आहे.

फेज३, तुझा घोळ असा आहे की इथे ऑथेंटिकेशन दोन जागी ठरतं आणि तू एकच जागा बघतोयस. बाइंडिंगमधलं क्लायंटक्रेडेन्शियलटाइप ही एक जागा. त्या अ‍ॅप्लिकेशनची आयआयएसमधली सेटिंग्ज ही दुसरी. सर्व्हिस सुरू होताना डब्ल्यूसीएफ प्रत्येक एंडपॉइंट आयआयएसशी ताडून बघतं, आणि एकही जुळला नाही तरी पूर्ण सर्व्हिस बसते, बाकीचे ठीक असले तरी.

एंडपॉइंटला 'विंडोज' लिहिलंस तर आयआयएसवर विंडोज चालू हवं. 'नन' (म्हणजे काहीच नाही) लिहिलंस, किंवा ओळखपत्र सोप संदेशाच्या आत ठेवलंस, तर अ‍ॅनॉनिमस हवं. 'सर्टिफिकेट' लिहिलंस तर एसएसएल सेटिंग्जमध्ये क्लायंट सर्टिफिकेट 'रिक्वायर' हवं. आता हे शेवटचं आणि पहिली दोन एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये कशी नांदणार? रिक्वायर केलंस की ऑफिसातल्या अ‍ॅपलाही सर्टिफिकेट मागितलं जाणार.

४.५ च्या आधी तर आयआयएसवर दोन स्कीम चालू दिसल्या तरी ते ओरडायचं, की बाइंडिंगला नेमकी एकच चालते. ४.५ मध्ये 'इनहेरिटेडफ्रॉमहोस्ट' आलं. ते लिहिलं की आयआयएसवर जे चालू असेल ते त्या एंडपॉइंटला चालतं. विंडोज आणि बेसिक (नाव-पासवर्ड एचटीटीपी हेडरमध्ये) एकाच पत्त्यावर हवे असतील तर तेवढ्यापुरतं ते चांगलं आहे. बँकेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हिंजवडी_फेज३ | मंगळवार, रात्री १०:१८

नाना, दंडवत. म्हणजे वितरकासाठी इनहेरिटेडफ्रॉमहोस्ट आणि बेसिक? माझा स्वतःचा पासवर्ड व्हॅलिडेटर लिहून तयार आहे, यूजर आमच्या डेटाबेसमध्ये आहेत.

मोगरा | मंगळवार, रात्री १०:४०

थांब, व्हॅलिडेटर तिथे चालणार नाही. आयआयएसवर ट्रान्सपोर्ट बेसिक लावलंस की ऑथरायझेशन हेडर आयआयएस स्वतःच वाचतं आणि तो पासवर्ड विंडोजच्या खात्यांशी पडताळतं. तुझ्या व्हॅलिडेटरपर्यंत कॉल पोचतच नाही. सर्व्हिस स्वतःच्या प्रोसेसमध्ये होस्ट केली तर पोचतो, म्हणूनच डेव्हलपरच्या मशीनवर सगळं हिरवं आणि सर्व्हरवर ४०१ (ओळख पटली नाही).

रस्ते दोन. एक, वितरकाला डोमेनमध्ये खातं काढून द्यायचं.

सर्व्हरखोलीतला | मंगळवार, रात्री १०:४२

बाहेरच्या माणसाला डोमेनचं खातं? माझ्या हयातीत नाही.

मोगरा | मंगळवार, रात्री १०:५५

मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार, दादा, आणि मी तुमच्याच बाजूची आहे. :)

दुसरा रस्ता: सिक्युरिटी मोड 'ट्रान्सपोर्टविथमेसेजक्रेडेन्शियल', मेसेजचा क्रेडेन्शियल टाइप 'यूजरनेम'. रस्ता एचटीटीपीएसचा, आणि नाव-पासवर्ड सोपच्या सिक्युरिटी हेडरमध्ये. आयआयएसला त्यातलं काही कळत नाही, तिथे अ‍ॅनॉनिमस चालू ठेवायचं, आणि मग तुझा व्हॅलिडेटर खरोखर बोलावला जातो. मात्र वितरकाला 'बेसिक' हा शब्द सांगू नकोस, नाहीतर ते एचटीटीपी हेडरमध्येच पाठवत बसतील आणि तू लॉग बघत बसशील.

जावाचा_बोका | मंगळवार, रात्री ११:०२

त्या पलीकडच्या जावावाल्याच्या वतीने बोलतो, कारण तो बिचारा आपल्यातलाच.

सीएक्सएफ (जावाची सोप लायब्ररी) वापरत असेल तर डब्ल्यूएसएसफोरजेने (सोपच्या सिक्युरिटीची जावा लायब्ररी) हे जमतं, पण तीन गोष्टी त्याला आधीच लिहून द्या. पासवर्ड 'टेक्स्ट' (साधा) प्रकारचा, 'डायजेस्ट' (पासवर्डपासून काढलेला ठसा) नाही, कारण डब्ल्यूसीएफला डायजेस्ट मुळातच येत नाही. (डायजेस्टसाठी सर्व्हरकडे मूळ पासवर्ड असावा लागतो, हॅश करून (उलटवता न येणाऱ्या रूपात) ठेवला असेल तर संपलं. त्यामुळे येत नाही तेच बरं.) दुसरं, हेडरमध्ये टाइमस्टॅम्पही हवा. नुसता यूजरनेमटोकन पाठवला तर डब्ल्यूसीएफ नाक मुरडतं, आणि कारण सांगत नाही. तिसरं, ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). मी असा क्लायंट बघितलाय जो भारतीय वेळ घेऊन पुढे मुकाट्याने 'झेड' (यूटीसीची खूण) चिकटवत होता. साडेपाच तास पुढचा संदेश कोण स्वीकारणार? डब्ल्यूसीएफची मूळची सूट पाच मिनिटांची आहे.

बारीक_निरीक्षण | बुधवार, सकाळी ८:१५

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर: सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या (दोन्ही सरकारी संस्था) एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवून ठेवायची असतात, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ऑडिटला हे विचारतात. घड्याळ पाच मिनिटांच्या पुढे सरकलं तर कर्बेरॉसही (विंडोज डोमेनची ओळख पटवायची पद्धत) बसतं, तेव्हा हे नुसतं कागदोपत्री समजू नका.

आणि लॉग जपा म्हणजे सगळंच जपा असं नाही. बेसिकचा हेडर हा फक्त बेस६४ असतो, ते एन्क्रिप्शन नव्हे, कोणीही उलटवतं. डब्ल्यूसीएफचं मेसेज लॉगिंग चालू करून सोप हेडरसकट पासवर्ड फाइलमध्ये उतरलेले मी पुरेसे पाहिलेत.

आळशी_अजगर | बुधवार, सकाळी ९:०३

वितरकाला देवनागरी पासवर्ड द्या. 'मटारउसळ'. कोण हॅक करणार?

जावाचा_बोका | बुधवार, सकाळी ९:१०

बेसिकमध्ये दिलास तर हॅकर काय, मालकही आत जाणार नाही. बेसिकमध्ये अक्षरांचं एन्कोडिंग कोणतं हे फार काळ मोघमच होतं. २०१५ च्या आरएफसी ७६१७ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये सर्व्हरला 'यूटीएफ-८' असं जाहीर करण्याची सोय आली, पण क्लायंट ते ऐकेलच असं नाही. रच्याकने, बेसिकच्या यूजरनेममध्ये विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्हही चालत नाही, कारण नाव आणि पासवर्ड त्यानेच तोडतात.

आळशी_अजगर | बुधवार, सकाळी ९:११

म्हणजे 'प्रातःकाळ' हे यूजरनेम बाद.

नवशिकी | बुधवार, सकाळी ९:४०

बेसिक (हा हा) प्रश्न: ४०१ आणि ४०३ मध्ये नक्की फरक काय? आमच्याकडे दोन्ही आलटून पालटून येतात.

मोगरा | बुधवार, सकाळी १०:०२

४०१ म्हणजे तू कोण ते कळलं नाही, ओळख दाखव. त्याच्याबरोबर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर येतो, कोणती ओळख चालेल हे त्यात असतं, तो आधी वाचायचा. ४०३ म्हणजे ओळखलं, पण परवानगी नाही. पण आयआयएसमध्ये सर्टिफिकेटच्या तक्रारी ४०३ च्या पोटात येतात: ४०३.७ म्हणजे सर्टिफिकेट दिलंच नाही, ४०३.१३ म्हणजे रद्द झालेलं किंवा रद्द आहे का हे तपासता आलं नाही, ४०३.१६ म्हणजे विश्वासातलं नाही. दशांशानंतरचा आकडा क्लायंटला बऱ्याचदा दिसत नाही, आयआयएसच्या लॉगमध्ये दिसतो.

सर्व्हरखोलीतला | बुधवार, सकाळी १०:२५

४०३.१६ आला तर सर्व्हरच्या ट्रस्टेड रूट कप्प्यात डोकावा. कोणीतरी घाईत इंटरमीडिएट (मधल्या कडीचं) सर्टिफिकेट तिथे टाकलेलं असतं. त्या कप्प्यात स्वतःच स्वतःला सही केलेलं नसलेलं एकही सर्टिफिकेट असलं तर विंडोज बिनसतं, आणि ज्याचा काही संबंध नाही असा क्लायंटही अडतो.

अजून एक. थंबप्रिंट (सर्टिफिकेट ओळखायचा लांब कोड) सर्टिफिकेटच्या खिडकीतून कॉपी केला की सुरुवातीला एक न दिसणारं अक्षर येतं. कॉन्फिगमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि सर्टिफिकेट सापडत नाही. हाताने टाइप करा.

ढगफुटी | बुधवार, सकाळी ११:१०

हे सगळं वाचून माझाच मुद्दा पक्का होतोय. गेटवेवर एकदा कॉन्फिगर करा, मागच्या सर्व्हिसला फक्त हेडरमध्ये यूजर पाठवा.

बारीक_निरीक्षण | बुधवार, सकाळी ११:३२

आणि तो हेडर बाहेरून कोणी स्वतःच लिहून पाठवला तर?

ढगफुटी | बुधवार, सकाळी ११:३५

गेटवे तो पुसतो ना.

बारीक_निरीक्षण | बुधवार, सकाळी ११:५१

पुसायला सांगितलं असेल तरच. शिवाय गेटवेला वळसा घालून कोणी थेट मागच्या पोर्टवर आलं तर? क्लायंट सर्टिफिकेट हेडरमधून पुढे पाठवायची पद्धत २०२३ च्या आरएफसी ९४४० मध्ये नीट मांडली आहे. बाहेरून आलेला तोच हेडर काढून टाकला पाहिजे, हे त्यातही बजावलंय. गेटवे आणि सर्व्हिस यांच्यामध्येही म्युच्युअल टीएलएस (दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवणं; टीएलएस म्हणजे एसएसएलचंच नवं रूप) असेल तर माझी हरकत नाही. 'आतलं नेटवर्क आहे' हे उत्तर मी ऑडिटमध्ये घेत नाही.

सर्व्हरखोलीतला | बुधवार, दुपारी १२:०५

शिवाय एचटीटीपीएस गेटवेवरच संपवलं की मागे साधं एचटीटीपी येतं, आणि डब्ल्यूसीएफ म्हणतं एचटीटीपीएसचा बेस अ‍ॅड्रेसच सापडत नाही. आणि एनटीएलएम (विंडोज ऑथेंटिकेशनचा एक प्रकार) हे रिक्वेस्टचं नव्हे, कनेक्शनचं ऑथेंटिकेशन करतं. मधल्या प्रॉक्सीने एकच कनेक्शन चार जणांसाठी वापरलं तर एकाच्या नावावर दुसऱ्याची ऑर्डर. ऑफिसातली वाहतूक गेटवेतून नेऊच नका.

न्यू_जर्सीचा_नाना | बुधवार, सायंकाळी ६:३०

उठलो, वाचलं. ढगफुटी पूर्ण चुकीचा नाही. मोबाइलसाठी त्याचं बरोबर आहे. डब्ल्यूसीएफला हेडरमधला बेअरर टोकन आपणहून समजत नाही. ते शिकवत बसण्यापेक्षा पुढे एएसपी डॉटनेट कोअरचा छोटा रेस्ट एपीआय ठेव. त्याने टोकन तपासायचा, ऑडियन्ससकट (तो कोणासाठी दिलाय ते), आणि मागे स्वतःच्या सर्व्हिस खात्याने बोलायचं. मात्र मूळ माणूस कोण हे संदेशात गेलं पाहिजे, नाहीतर सगळ्या ऑर्डरी एकाच खात्यावर दिसतील.

आता बँकेचं सर्टिफिकेट. लोक म्हणतात '/बँक' या पाथलाच सर्टिफिकेट मागू. टीएलएसचा हस्तांदोलनाचा भाग उरकतो तेव्हा सर्व्हरला फक्त होस्टचं नाव कळलेलं असतं, पाथ अजून आलेलाच नसतो. पाकिटावर इमारतीचा पत्ता असतो, कोणत्या मजल्यावर कोणासाठी ते आतल्या चिठ्ठीत, तसं. पूर्वी आयआयएस पाथ बघून पुन्हा वाटाघाटी करून सर्टिफिकेट मागायचं. टीएलएस १.३ मध्ये ती पुनर्वाटाघाट काढून टाकली. तिच्या जागी जे आलं ते ऐच्छिक आहे, बहुतेक क्लायंटना येत नाही. विंडोज सर्व्हर २०२२ वर १.३ मूळचंच चालू असतं, म्हणून अपग्रेडनंतर इतके दिवस चालणारं अचानक बंद पडतं. तेव्हा बँकेला वेगळं होस्टनेम दे आणि आयआयएसमधल्या त्या साइटच्या बाइंडिंगवर (डब्ल्यूसीएफच्या नव्हे) सुरुवातीलाच सर्टिफिकेट मागायचा पर्याय लाव.

मोगरा | बुधवार, सायंकाळी ७:१०

नानांशी सहमत, आणि त्यातूनच मूळ प्रश्नाचं उत्तर निघतं. कोड एक ठेव, दारं वेगळी कर. तीच डीएलएल, पण आयआयएसमध्ये तीन अ‍ॅप्लिकेशन्स, प्रत्येकाचं स्वतःचं वेब.कॉन्फिग आणि त्यात एकच एंडपॉइंट. ऑफिससाठी आतलं होस्टनेम आणि फक्त विंडोज. वितरकासाठी अ‍ॅनॉनिमस अधिक मेसेज क्रेडेन्शियल. बँकेसाठी स्वतंत्र साइट, सर्टिफिकेट रिक्वायर.

एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन एसव्हीसी (सर्व्हिसचा पत्ता ठरवणाऱ्या) फाइली टाकून निभावेल असं वाटतं, पण कॉन्फिग क्लासच्या नावाने शोधलं जातं, त्यामुळे दोन्ही फाइलींना सगळेच एंडपॉइंट चिकटतात.

कोण काय करू शकतो हे मात्र तीन जागी लिहू नकोस. डोमेनचं नाव, डेटाबेसमधला यूजर, सर्टिफिकेटचा सब्जेक्ट, या तिन्ही ओळखी एका सर्व्हिसऑथरायझेशनमॅनेजरमध्ये आण, तिथे आपल्या एका आतल्या ग्राहक क्रमांकात बदल, आणि पुढचा कोड फक्त तो क्रमांक ओळखेल. बँक ऑर्डर रद्द करू शकते का, हा प्रश्न कॉन्फिगचा नाही.

जावाचा_बोका | बुधवार, सायंकाळी ७:२२

+१. मेटाडेटाचा (सर्व्हिसचं वर्णन देणारा) एंडपॉइंट विसरू नका. तोही मुळात अ‍ॅनॉनिमस मागतो, म्हणून विंडोजवाल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये तो राहिला की फेज३ची पहिली एरर तशीच परत. वितरकाला डब्ल्यूएसडीएल फाइल (तेच वर्णन) ईमेलने द्या, विषय संपला. नाहीतर त्यात सर्व्हरचं आतलं मशीननेम छापून जातं आणि पलीकडचा माणूस ते पिंग करत बसतो.

बारीक_निरीक्षण | बुधवार, रात्री ८:०५

बँकेला एक विचारून घ्या: त्यांचं क्लायंट सर्टिफिकेट सार्वजनिक सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) आहे का? क्रोमच्या रूट प्रोग्रॅमच्या (ब्राउझर कोणत्या सीएवर विश्वास ठेवतो ते ठरवणाऱ्या) नियमांमुळे सार्वजनिक सीए आपल्या टीएलएस सर्टिफिकेटांमधून क्लायंट ऑथेंटिकेशनचा उपयोग काढून टाकताहेत. पुढच्या नूतनीकरणाला तेच सर्टिफिकेट क्लायंट म्हणून चालणार नाही. यासाठी खासगी सीए बरी.

आणि थंबप्रिंटवर ओळख बांधू नका. नूतनीकरण झालं की तो बदलतो. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस ठरली आहे. दर वेळी कोण कॉन्फिग बदलणार? सही करणारा सीए आणि सब्जेक्ट, दोन्ही तपासा.

आळशी_अजगर | बुधवार, रात्री ८:१२

४७ दिवस? आमच्या सोसायटीचा ठरावही तेवढ्यात मंजूर होत नाही.

हिंजवडी_फेज३ | शनिवार, दुपारी ४:२०

मोगराताईंच्या सल्ल्याने तीन अ‍ॅप्लिकेशन्स केली. ऑफिस आणि वितरक चालू. (वितरकाची वेळ खरोखर साडेपाच तास पुढे होती. बोकेश्वर, तुम्हाला कसं कळलं?) बँकेची चाचणीही होतेय, पण एक विचित्र प्रकार: छोटे संदेश जातात, मोठी फाइल आली की ४१३ (संदेश फार मोठा). मॅक्सरिसीव्ह्डमेसेजसाइज ६५५३६ वरून वाढवून पाहिलं, काही फरक नाही. तीच फाइल वितरकाच्या पत्त्यावर व्यवस्थित जाते.

न्यू_जर्सीचा_नाना | शनिवार, सायंकाळी ५:०२

वितरकाकडे जाते म्हणजे डब्ल्यूसीएफ निर्दोष. बँकेच्या साइटवर सर्टिफिकेट सुरुवातीलाच मागण्याचा पर्याय लावलेला दिसत नाही. मग रिक्वेस्ट आल्यावर मध्येच सर्टिफिकेट मागावं लागतं, तोवर आलेला मजकूर आयआयएसला धरून ठेवावा लागतो, आणि त्याची मर्यादा मुळात ४९१५२ बाइट आहे. सेटिंगचं नाव अपलोडरीडअहेडसाइज. ते वाढवता येतं, पण खरा इलाज तोच पर्याय लावणं. १.३ बंद केलंयस का तिथे? नाहीतर छोटे संदेशही गेले नसते.

सर्व्हरखोलीतला | शनिवार, सायंकाळी ५:१५

१.३ त्या बाइंडिंगवर मीच बंद करवलं होतं त्याला, फोनवर. पर्याय लागला की परत चालू करेन.

हिंजवडी_फेज३ | शनिवार, सायंकाळी ५:४०

पर्याय लावला, मोठी फाइल गेली. मोबाइलचं पुढच्या महिन्यात.

नवशिकी | शनिवार, सायंकाळी ६:०५

आमच्याकडे स्प्रिंग बूट (जावाची वेब चौकट) आहे. तिथेही प्रत्येक दाराला वेगळं अ‍ॅप्लिकेशन करायचं का?

जावाचा_बोका | शनिवार, सायंकाळी ६:३०

नाही गं. तिथे एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन सिक्युरिटीफिल्टरचेन (तपासणीच्या साखळ्या) लिहायच्या, एक बेसिकची, एक टोकनची. प्रत्येकीला सिक्युरिटीमॅचरने पाथ द्यायचा आणि 'ऑर्डर' या अ‍ॅनोटेशनने क्रम. पहिल्या चेनला मॅचर दिला नाहीस तर ती सगळ्याच रिक्वेस्ट गिळते. जुन्या लेखांमधला वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर उचलू नकोस, तो स्प्रिंग सिक्युरिटी ६ मध्ये काढून टाकलाय. आणि क्लायंट सर्टिफिकेट असेल तर नानांचं होस्टनेमवालं म्हणणं तिथेही लागू आहे, टीएलएसला जावा काय आणि डॉटनेट काय.

नवशिकी | शनिवार, सायंकाळी ६:४१

मॅचर नव्हताच. लावून बघते.